पुरून उरेल

माझा धाकटा भाऊ शर्यतीच्या गाडीत बसण्याआधी मला नेहमी एकच प्रश्न विचारतो, "ताई, पुरेल ना?" आणि माझं एकच उत्तर असतं, "पुरून उरेल." विषय टायरचा असो, ब्रेकचा असो, की पेट्रोलचा. उत्तर द्यायला मला विचार करावा लागायचा नाही. दोष तिथेच होता, पण तो सापडायला तीन वर्षं गेली.

गाडी आमच्या गॅरेजची. इंजिन मी बांधते, चालवतो हा भाऊ, भोवरा. पहिल्याच शर्यतीत गाडीसकट तीन गिरक्या घेतल्या, तेव्हापासून त्याला सगळे भोवराच म्हणतात. बाबा आता नुसते स्टुलावर बसून चुका काढतात, आणि त्यांना काम कधी कमी पडत नाही.

मूळची ही चारचौघांसारखी घरगुती गाडी. तिला मी टर्बो बसवला. टर्बो इंजिनात जादा हवा कोंबतो. हवा वाढली की पेट्रोलही त्याच हिशोबात वाढायला हवं. ते कमी पडलं की आतली आग बेताल होते आणि पिस्टन वितळतो. आमच्याकडे दुसरं इंजिन नाही.

टाकीतून पेट्रोल पुढे ढकलणारा पंप मात्र मी कंपनीचाच ठेवला, गाडीबरोबर आलेला. बाबांचं आणि माझं वाजलं ते यावरून. लांब सरळ पट्ट्याच्या शेवटी, वळणाच्या जरा आधी, इंजिनाचा आवाज अर्धा क्षण खाली यायचा. दर वेळी, त्याच जागी.

"दम तोडतेय बघ," बाबा म्हणायचे. "पेट्रोल कमी पडतंय. पंप बदल."

"मोजलंय मी, बाबा."

आणि खरंच मोजलं होतं. गॅरेजात पाइप सोडवून, दाब लावून, हातात घड्याळ धरून मिनिटाला किती पेट्रोल येतं ते मापात घेतलं होतं. गरजेपेक्षा बरंच जास्त आलं. आकडा खडूने भिंतीवर लिहिला आणि खाली मोठ्या अक्षरांत 'पुरून उरेल', म्हणजे बाबांना चष्मा न लावताही वाचता यावं.

पण आवाज काही सुधारला नाही. आमच्या शर्यतीत एकेक गाडी एकटीच घड्याळाविरुद्ध धावते, आणि तीन वर्षं आम्ही पहिल्या नंबरापासून अर्ध्या सेकंदाने मागे राहत होतो. पहिला येईल त्याला एक मोठा संघ चालक म्हणून घेतो, पण वय तिशीच्या आत हवं. भोवरा पुढच्या महिन्यात तीस पूर्ण करणार होता. त्यामुळे ही शेवटचीच संधी.

त्या दिवशी सकाळपासून माझा पाय एका जागी ठरत नव्हता. टायरची हवा तीनदा तपासली. बॉनेट उघडलं, मिटलं, पुन्हा उघडलं. "अगं, बैस की जरा," बाबा म्हणाले, "तुझ्याकडे बघून मलाच घेरी येतेय." भोवरा तर हेल्मेट घालून बसला होता, अजून पन्नास मिनिटं असताना. हेल्मेटच्या आत कुणी बोललेलं फारसं ऐकू येत नाही, म्हणूनच तो ते घालतो; कबूल करत नाही एवढंच.

शेजारच्या शेडमध्ये कुणाचीतरी गाडी सुरू होईना. त्यांनी बॅटरीला चार्जर लावला. मी सहज तिकडे बघितलं, आणि ते लाल-काळे चिमटे दिसताच सकाळपासून पहिल्यांदा माझा पाय थांबला.

मी पंप मोजला त्या दिवशी आमच्या बॅटरीलाही चार्जर लावलेला होता.

शिवाय पंप मी गाडीबाहेर काढून जाड तारेने थेट बॅटरीला जोडला होता. म्हणजे त्याला पोटभर वीज मिळत होती. गाडीत मात्र त्याच्यापर्यंत जाते ती कंपनीची जुनी, बारीक वायर. पंप पुरतो का हे मी मोजलं. पंपाला पुरतंय का, हे कधी बघितलंच नाही.

खोटं कशाला सांगू, पहिला विचार आला तो झाकली मूठ सव्वा लाखाची. कुणाला कळणार होतं? दुसऱ्या क्षणी स्वतःची इतकी चीड आली की पंपावरची मागची सीट मी जवळजवळ उपटूनच काढली. भोवऱ्याला खुणेने इंजिन सुरू करायला सांगितलं आणि पंपाच्या तोंडाशी मीटर लावलं. तेरा-साडेतेरा व्होल्ट हवेत, तिथे साडेदहा.

"बाबा," मी म्हणाले, "माझं चुकलं. मोजताना चार्जर लावलेला होता."

आता हे वर्षभर ऐकवतील, असं वाटलं. त्यांनी मीटरकडे पाहिलं, मग घड्याळाकडे. "जाड वायर आहे?"

वायर नव्हती. पण दुसऱ्या गाडीच्या बॅटरीवरून गाडी सुरू करायची जंपर केबल होती, अंगठ्याएवढी जाड. बाबांनी तिचे चिमटे कापून टाकले. हॉर्नचा रिले, म्हणजे विजेवर चालणारा स्विच, काढून पंपाला लावला; शर्यतीत हॉर्न वाजवायचा कुणासाठी? बॅटरीपाशी फ्यूज घातला आणि दारालगत केबल मागे नेली. बाबांचे हात हल्ली थरथरतात, म्हणून ते टोक धरायचे आणि मी पकडीने दाबायचे. पस्तीस मिनिटांत पंपाशी तेरा पूर्णांक चार आले.

पण आता मिनिटाला किती पेट्रोल येतंय, ते मोजायला वेळ नव्हता. मी पेट्रोलच्या दाबाचं मीटर पुढच्या काचेबाहेर, चालकाला दिसेल असं टेपने चिकटवलं आणि कमीत कमी किती दाब हवा तिथे खूण केली.

भोवऱ्याने काच खाली केली. "ताई, पुरेल ना?"

उत्तर जिभेवर तयारच होतं.

"माहीत नाही," मी म्हणाले. "आधी चुकीचं मोजलं होतं. वायर बदललीय. ती सुई बघ. खुणेच्या खाली आली तर लगेच पाय काढ. वर असेपर्यंत काढू नकोस."

त्याने काच वर केली. मग मान हलवून गेला.

कठड्यापाशी उभी राहून मी नखं खात होते. गाडी सरळ पट्ट्यावर आली. आवाज चढला, चढत गेला, ती जागा जवळ आली आणि मी डोळे मिटले. आवाज खाली आलाच नाही. वळणात शिरेपर्यंत एका सुरात राहिला. फलकावर वेळ झळकली तेव्हा आम्ही पहिले होतो, दोन दशांश सेकंदांनी.

"वायर!" मी बाबांचा दंड धरून म्हणाले. "सगळा दोष त्या वायरीचा होता."

भोवरा परत आला, हेल्मेट काढलं आणि माझं वायरपुराण निमूट ऐकून घेतलं. मग म्हणाला, "ताई, तिथे इंजिन कधीच दम तोडत नव्हतं. मी पाय उचलायचो."

"काय?"

"दर वेळी. तू सगळ्यालाच पुरून उरेल म्हणतेस. त्यातलं मोजलेलं कुठलं आणि हट्टाचं कुठलं, मला कसं कळणार? भीती वाटायची. आज तू माहीत नाही म्हणालीस. म्हटलं, आज ही खरं बोलतेय. सुई वर होती, म्हणून पाय तसाच ठेवला."

तीन वर्षं तो अर्धा सेकंद मी इंजिनात शोधत होते.

"आणि साडेदहा व्होल्टवर पाय तसाच ठेवला असतास," बाबा त्याला म्हणाले, "तर पिस्टन वितळला असता. म्हणजे इंजिन वाचवलं ते तुझ्या पायाने, आम्हा दोघांच्या डोक्याने नाही."

भोवरा हसला. मला हसू येईना. लाज वाटत होती, आणि तो पहिला आल्याचा आनंदही होत होता. दोन्ही एकदम कसं सोसायचं ते कळत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी गॅरेज उघडल्यावर मी पहिल्यांदा भिंत ओल्या फडक्याने पुसली. बाबा स्टुलावरून बघत होते.

"मग पंप पुरतो की नाही?" त्यांनी विचारलं.

जिभेवर आलेलं मी गिळलं.

"माहीत नाही," मी म्हणाले. "माप आणा. आणि तो चार्जर आधी लांब ठेवा."