खिळ्यावरची चकती

“माझी चकती कुणी हलवली रे?” असं पैलवानानं ओरडून विचारायला हवं होतं. त्यानं विचारलंच नाही. बोर्डाकडे बघितलं, घाटाच्या गाडीचं कार्ड उचललं आणि मुकाट्यानं चालायला लागला. माझ्या मस्करीतली हवा तिथेच गेली.

हलवली होती मीच.

आमच्या डेपोत ड्युटी बोर्डावर लागते. अठ्ठावीस गाड्या, प्रत्येक गाडीला दोन खिळे, आणि खिळ्यांवर पत्र्याच्या गोल चकत्या. ड्रायव्हरची लाल, कंडक्टरची पिवळी. ज्या खिळ्यावर तुमची चकती, ती गाडी तुमची. डेपो मॅनेजरशी आम्ही रोज भांडतो, बोर्डाशी कुणी भांडत नाही. कारण बोर्ड लावते ताई. ताई म्हणजे एवढीशी बाई, वरच्या खिळ्यांसाठी स्टुलावर चढते. स्टुलाचा एक पाय आखूड, म्हणून ती चढली की डुगडुगतं. पण तिच्यापुढे सहा फुटी ड्रायव्हर गृहपाठ न केलेल्या पोरांसारखे उभे राहतात.

मला सगळे भिंगरी म्हणतात. मॅनेजरच्या खुर्चीखाली सायकलचा भोंगा बांधला होता, तो मीच. घाटाच्या सकाळच्या गाडीचा मी कंडक्टर. दीड वाजता सुटतो, ते बरं पडतं. माझ्यासोबत ड्रायव्हर कायम मास्तर. ते कधी शाळेत शिकवायला नव्हते, पण चष्मा आणि उपदेश दोन्ही जाड. आणि पैलवानाला कायम नदीकाठची गाडी. तो रस्ता म्हणजे इस्त्री केलेली चादर. अकरा वर्षांत पैलवानानं घाट बघितला नव्हता.

“ताईचा लाडका आहे तो,” सगळा डेपो म्हणायचा.

मग ताई पाण्याची बाटली भरायला गेली तेवढ्यात मी मास्तरांची आणि पैलवानाची चकती अदलाबदल केली. म्हटलं, बघू लाडक्याला घाम फुटतो का!

फुटला. पण वळणावर नाही, स्टँडच्या फाटकातच.

“काय पैलवान, आज गाणं नाही?” मी केबिनच्या जाळीतून विचारलं. हा माणूस स्टिअरिंगवर बसला की गातो, तेही बेसूर.

शर्ट पाठीला चिकटलेला. गिअर दोनदा हुकला, तेव्हा गाडीतली एक आजीबाई म्हणाली, “ड्रायव्हरदादाला ताप आहे का हो?”

तेवढ्यात माझा फोन वाजला. ताई.

“भिंगरी, गाडी कुठवर आली?”

“फाट्याच्या अलीकडे. दोन मिनिटांत—”

“फाट्यावर थांबव. मागून दहा मिनिटांत नदीकाठची गाडी येतेय. मास्तर तुमच्या गाडीवर येतील, पैलवान त्यांच्या. पैलवानाला सांग, मास्तरांची पाठ धरलीय, घाट झेपणार नाही म्हणतात, तेव्हा... नाही, थांब.” पहिल्यांदाच ती अडखळली. “सांग, पाठ धरलीय, नदीकाठच्या गाडीची सीट टोचतेय. तुझ्या गाडीची सीट मऊ आहे. जरा अदलाबदल करून त्यांच्यावर उपकार कर. शब्द नीट लक्षात ठेव. उपकार त्यानं करायचाय.”

“ताई, पण—”

“तू आत्ता बोलू नकोस.”

फाट्यावर थांबलो. मी निरोप दिला. पैलवानानं ऐकला, मान हलवली. “मास्तरांचं वय झालंय,” म्हणाला, आणि पाण्याची अर्धी बाटली डोक्यावर ओतली.

दहा म्हणजे दहाव्या मिनिटाला मागून गाडी आली. मास्तर उतरले, लंगडत! पाठ धरलेला माणूस गुडघा धरून चालत होता. एरवी मी यावर महिनाभर डेपोला हसवलं असतं. पण पैलवान पुढे झाला, त्यानं मास्तरांना हाताला धरून माझ्या गाडीत चढवलं आणि बजावलं, “सांभाळून हां, मास्तर.” नदीकाठची गाडी निघाली तेव्हा तिच्यातून बेसूर गाणं ऐकू आलं.

घाटाच्या सातव्या वळणावर मास्तरांनी गाडी हळू केली. डोंगराच्या बाजूला कातळावर लांबच लांब ओरखडा आहे. हजार वेळा बघितला असेल मी, कधी त्याबद्दल विचारलं नव्हतं.

“तुझी बदली इथे व्हायच्या आधीची गोष्ट. ब्रेक गेले पैलवानाचे,” मास्तर म्हणाले. “एका बाजूला दरी. त्यानं गाडी ह्या कातळाला घासत घासत इथवर आणून थांबवली. सव्वीस माणसं आपल्या पायांनी उतरली. त्यानंतर चढ लागला की त्याचे हात आखडतात. सपाटीवर त्याच्यासारखा ड्रायव्हर नाही.”

“आणि तुम्ही कुणी बोलला नाहीत?”

“त्यानं कुणाला सांगितलंच नाही. ताईला कसं कळलं, देव जाणे. दुसऱ्या आठवड्यात त्याची चकती नदीकाठी गेली. माझी घाटात.”

बत्तीस माणसं बसली होती माझ्या गाडीत त्या दिवशी. मी मोजली. नंतर मोजायला नको होती असं वाटलं.

दीडला परत आलो आणि बोर्डासमोर उभा राहिलो. दहा वर्षं त्यात मी फक्त स्वतःचा नंबर शोधत आलो होतो. आता बाकीचे दिसायला लागले. एकमेकांचं तोंड न बघणारे ते दोन साडू: त्यांच्या गाड्या दिवसभरात कुठेच समोरासमोर येत नाहीत. ज्याची बायको जिल्ह्याच्या दवाखान्यात आहे, त्याचा मुक्काम जिल्ह्यालाच. ज्याची मुलगी यंदा दहावीला, त्याला संध्याकाळी घर. अठ्ठावीस गाड्या, आणि एकही उशिरा सुटत नाही. हे सगळं ती एका डुगडुगत्या स्टुलावर उभी राहून करत होती, आणि आम्ही मागे उभे राहून लाडका कोण ते ठरवत होतो.

“बघून झालं?” मागून ताई.

“ताई, चुकलो. मेमो द्या, काय वाटेल ते करा.”

“मेमोनं तू सुधारणार असतास, तर मॅनेजरांनी तुला कधीच सुधारलं असतं.” ती स्टुलावर चढली आणि माझी पिवळी चकती काढून हातात घेतली. “सहा वर्षं घाटाची सकाळ तुलाच का, विचारलं नाहीस कधी.”

“मी मागितली नव्हती.”

“नव्हतीस. पण तेव्हा एक वाजला की तुझी बडबड बंद पडायची. सारखं घड्याळ बघायचास. सुटलास की चहालासुद्धा थांबायचा नाहीस.”

मी डेपोत कुणाला सांगितलं नव्हतं. बाबा सहा वर्षं अंथरुणावर होते. बायको तिच्या नोकरीवर, दोन वाजता त्यांना कुशीवर वळवायला मीच लागायचो. कळलं असतं तर लोक माझ्या मस्करीला दबकत हसले असते. गेल्या महिन्यात बाबा गेले. रजेच्या अर्जात मी लिहिलं होतं, घरगुती काम.

ताईनं चकती बोटांत फिरवली. “आता कुठे लावू ही?”

माझ्याकडे प्रत्येक प्रश्नाला एक टवाळी तयार असते. त्या वेळी मी नुसतं खिळ्याकडे बोट दाखवलं.

“राहू दे तिथेच,” मी म्हणालो. “दोन वाजले की पाय अजून घरी जातात.”

ती टाचा उंचावून खिळ्यापर्यंत पोचायला लागली. स्टूल डुगडुगलं. मी खाली बसलो आणि आखूड पायाखाली तळहात देऊन ते धरून ठेवलं.