काचेतली आठ चलनं

फ्रेमवाल्या काकांच्या दुकानात गिऱ्हाइकाने भाव पाडून मागितला, की काका त्याच्याशी वाद घालत नसत. नुसतं मागच्या भिंतीकडे बोट दाखवत. तिथे आठ फ्रेमा होत्या. काळी बारीक पट्टी, आत पांढऱ्याशुभ्र पुठ्ठ्याचा माउंट, आणि मधोमध टॅक्स भरल्याचं चलन, बँकेच्या शिक्क्यासकट. वर्षाला एक. लोकांची लग्नं, लोकांची बाळं, लोकांच्या पदव्या काचेत बसवून देणारा माणूस स्वतःसाठी काय बसवतो, तर टॅक्सचं चलन! पण काकांना त्याचा कोण अभिमान. "टॅक्स भरून धंदा करतो आम्ही," म्हणायचे, "एक पैसा कमी होणार नाही." आणि गिऱ्हाईक गप बसायचं.

त्याच भिंतीसमोर उभी राहून त्या दिवशी टॅक्स ऑफिसातली मॅडम म्हणाली, की काकांच्या नावावर आठ वर्षांत एक पैसाही जमा झालेला नाही.

मॅडम तरुण होती, बोलायला मऊ होती, आणि बरोबर आणलेली फाइल जाडजूड होती. तिने काउंटरवर पसरलेले काचेचे तुकडे स्वतःच्या हाताने बाजूला केले आणि कागद मांडले. दर वर्षी काकांचं विवरणपत्र वेळेवर गेलं होतं, त्यात टॅक्स किती ते बरोबर दाखवलं होतं, फक्त तो भरला नव्हता. दोनदा नोटीस गेली होती. ती गेली काकांच्या अकाउंटंटच्या ई-मेलवर, आणि अकाउंटंट तीन वर्षांपूर्वी धंदा गुंडाळून लेकाकडे राहायला गेला होता. आता व्याज आणि दंड धरून जी रक्कम झाली होती ती मॅडमने वाचून दाखवली नाही. कागद फिरवून काकांच्या समोर सरकवला आणि बोट ठेवलं.

काकांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. आकडा तेवढाच. पायाखालची जमीन सरकते म्हणतात ना, ती त्यांची खरोखर सरकली असावी, कारण त्यांनी काउंटरची कड धरली. अकाउंटंट गेल्यापासून हिशेब आणि विवरणपत्रं बघणारी त्यांची लेक आतून माउंट कापता कापता बाहेर आली, तिने आकडा पाहिला आणि तीही मटकन स्टुलावर बसली. पंधरा दिवसांत निकाल लागला नाही तर बँकेचं खातं गोठवणार आणि दुकानाला सील लावणार, असं मॅडमने सांगितलं. दुकान गेलं तर मागे काही नव्हतं. राहतं घर भाड्याचं, आणि काकांना दुसरं काही येत नव्हतं.

मग काकांनी तेच केलं जे गिऱ्हाइकांशी करत. भिंतीकडे बोट केलं.

मॅडम भिंतीजवळ गेली. पहिली फ्रेम वाचली, दुसरी वाचली. मग दोन पावलं डावीकडे सरकली. तिथे नववी फ्रेम होती, जरा मोठी, सोनेरी पट्टीची. आठ वर्षांपूर्वी दुकान सुरू केलं तेव्हाचं नोंदणीचं प्रमाणपत्र. काकांनी तेही अर्थात काचेत बसवलं होतं. मॅडमने त्यावरच्या टॅक्स नंबरावर एक बोट ठेवलं, दुसरं बोट चलनावरच्या नंबरावर, आणि मान वळवून विचारलं, "काका, हे दोन्ही तुम्ही कधी एकत्र वाचलंत का?"

शेवटचे चार आकडे वेगळे होते.

आठ वर्षं! बरोबर नंबर आणि चुकीचा नंबर एकाच भिंतीवर, वीतभर अंतरावर, रोज पुसलेल्या काचेआड. दिवसाला वीस माणसं बघून जायची. काका स्वतः दर शनिवारी फडकं मारायचे. कोणाच्या बापाला दिसलं नाही. लेकीने कपाळावर हात मारला तो तसाच राहिला.

आता हा दुसरा नंबर कोणाचा, हे मॅडमला ऑफिसात जाऊन बघावं लागलं असतं. काकांना लागलं नाही. तो त्यांच्या दादाचा होता.

आठ वर्षांपूर्वीपर्यंत दोघा भावांचं एकच दुकान होतं. दादा गिऱ्हाईक बघायचे, काका काम करायचे, आणि बँकेत जाऊन टॅक्स भरायचं तेही काकांकडेच. बावीस वर्षं त्यांनी एकच नंबर लिहिला. झोपेतून उठवून विचारला असता तरी सांगितला असता. मग भांडण झालं, कोपरे कापायच्या मशीनवरून. मशीन कधीच भंगारात गेलं, भांडण राहिलं. वाटण्यांत जुनं नाव आणि जुना नंबर दादांना गेला, काकांनी नवा घेतला, प्रमाणपत्र फ्रेम करून टांगलं, आणि पहिल्याच वर्षी बँकेत उभं राहून हाताला जो पाठ होता तोच नंबर लिहून आले. बाकी कशात लेकीला किंवा अकाउंटंटला हात लावू देतील, पण टॅक्स भरायला स्वतःच जायचे. दुसऱ्यावर विश्वास नको म्हणून!

म्हणजे ज्या माणसाचं तोंड बघायचं नाही अशी शपथ घेतली, त्याचा टॅक्स काका आठ वर्षं इमानेइतबारे भरत होते.

मॅडमने वाट सांगितली. पैसे सरकारातच आहेत, बुडालेले नाहीत. ज्याच्या नंबरावर गेले त्याने फॉर्म भरून द्यायचा, आठही भरण्यांची तारीख, रक्कम आणि कारण लिहायचं, खाली सही करायची. मग पैसे काकांच्या नंबरावर वळवता येतील. सही नाही मिळाली तर सगळं नव्याने भरा. एवढं सांगून ती फाइल घेऊन गेली. लेक म्हणाली, मोठ्या काकांकडे मी जाते. काकांनी फॉर्म तिच्या हातातून ओढून घेतला.

दादांचं दुकान दोन गल्ल्या पलीकडे. चालता चालता काकांना पहिला धक्का ओसरून दुसरा बसला. त्या माणसाला हे माहीत असणारच! दर वर्षी आपल्या खात्यात फुकटचे पैसे येतात आणि हा एका शब्दाने बोलत नाही? अंगाचा नुसता तिळपापड झाला. काय काय बोलायचं ते त्यांनी वाटेतच जुळवून ठेवलं, त्यातलं निम्मं इथे सांगण्यासारखं नाही.

दादा खाली मान घालून हिऱ्याच्या कटरने काच कापत होते. केस पार पिकलेले, खांदे उतरलेले. काकांना बघून त्यांच्या हातातला हिरा थांबला. त्यांनी काच बाजूला ठेवली आणि पायाने स्टूल पुढे सरकवलं, जणू काका सकाळीच चहा प्यायला जाऊन आले होते.

काका बसले नाहीत. उभ्या उभ्या त्यांनी सगळं ओकलं. आठ वर्षं माझे पैसे खाल्लेस, लाज नाही वाटली, उद्या माझं दुकान सील होतंय.

दादा म्हणाले, "खाल्ले कुठे? तू दिलेस म्हणून घेतले."



दादांनी सावकाश सांगितलं. पहिल्या वर्षी फोनवर पैसे जमा झाल्याचा मेसेज आला तेव्हा त्यांना काही कळेना. त्यांनी बायकोला दाखवला. ती म्हणाली, धाकटे भावजीच आहेत, दुसरं कोण भरणार? तोंडाने बोलायला जमत नाही त्यांना, लहानपणापासून असंच, म्हणून हे असं बोलतात. आपण विषय काढला तर लाजून बंद करतील, तुम्ही गप बसा. म्हणून दादा गप बसले. पुढे ती आजारी पडली. दुकान अर्धा वेळ बंद राहायला लागलं. टॅक्सचे वाचलेले पैसे तिच्या औषधांत गेले, आणि ती दर वर्षी विचारायची, आला का मेसेज? आला म्हटलं की तिचा चेहरा उजळायचा.

काकांचा राग कुठल्या कुठे गेला, आणि त्याच्या जागी जे आलं ते रागापेक्षा वाईट होतं. ही वहिनी. काका सोळा वर्षांचे असताना दादाच्या हाताखाली काम शिकायला आले, तेव्हा दिवसाआड बोट कापून घ्यायचे, आणि ही ओरडत ओरडत पट्टी बांधायची. आजारपणात तिने दोनदा निरोप पाठवला होता, येऊन जा म्हणून. काका गेले नव्हते.

पण पंधरा दिवसांची मुदत होती आणि हातात फॉर्म होता. काकांनी खाली बघून सांगून टाकलं, "दादा, ते चुकून गेले. मला नवा नंबर पाठच नाही झाला."

दादांना हे ऐकायला वेळ लागला. म्हणजे कानांनी लगेच ऐकलं असेल, पण चेहऱ्यावर ते हळूहळू उतरलं. त्यांनी दोनदा डोळे मिटले. काकांना वाटलं, त्यापेक्षा याने एक मुस्काटात द्यायची होती.

दादांनी फॉर्म ओढून घेतला, फोन काढला, जुने मेसेज उघडले. म्हणजे सगळे ठेवले होते. ही सही केली की त्यांचीच आठ वर्षांची बाकी उभी राहणार होती, हे काकांच्या तेव्हा कुठे लक्षात आलं. ते बोलायला गेले तर दादा म्हणाले, माझं मी बघतो, हप्ते मागून घेईन. आणि सुतारी पेन्सिल धरावी तसं पेन धरून एकेक ओळ भरायला लागले. तारीख, रक्कम, कारण. चुकून. तारीख, रक्कम, कारण. चुकून.

पाचव्या ओळीवर हात थांबला. दादांनी तारीख लिहिली आणि बोट तिच्यावर ठेवून फॉर्म काकांकडे फिरवला.

"ही पण चुकूनच का रे?"

काकांनी तारीख वाचली. वहिनी गेली तो दिवस.

"सगळे पांगल्यावर एकटाच बसलो होतो," दादा म्हणाले. "तू आला नव्हतास. मनात म्हटलं, संपलं आता. आणि फोन वाजला. पैसे जमा झाल्याचा. त्याच दिवशी. मी म्हटलं, पाय नाही उचलले त्याचे, पण आला."

काकांना तो दिवस चांगला आठवत होता. सकाळी बातमी कळली. लेक कपडे बदलून तयार झाली, चला म्हणाली. टॅक्स भरायला अजून दहा दिवस होते. पण काकांनी पासबुक उचललं आणि बँकेत गेले, आणि मुद्दाम सगळ्यांत लांब रांगेत उभे राहिले, म्हणजे उद्या कोणी विचारलं तर सांगता येईल की काम होतं. दीड तास उभे होते. चलनावर शिक्का पडला तेव्हा त्यांना सुटल्यासारखं वाटलं होतं. संध्याकाळी दुकानात येऊन त्यांनी ते फ्रेम केलं. आठांत तीच फ्रेम सगळ्यांत सफाईदार झाली होती, कोपऱ्यात केसाएवढी फट नाही.

त्या वर्षी एका हॉटेलाचं दोनशे फ्रेमांचं काम मिळालं होतं. म्हणजे आठांत टॅक्सही त्याच वर्षाचा सगळ्यांत जास्त, आणि व्याज धरून तर बघायलाच नको. ती ओळ सोडली असती तर लेकीने वर्षभर पोट मारून बाजूला ठेवलेले सगळे पैसे त्यात गेले असते आणि तरी पुरले नसते.

दादा वाट बघत होते.

"नाही," काका म्हणाले. "ती चुकून नव्हती."

एवढं मात्र खरं होतं. त्या दिवशी ते बँकेत चुकून गेले नव्हते. काकांना स्वतःची इतकी शरम वाटली की त्यांना दादांच्या डोळ्यांत बघवेना, आणि दादांना वाटलं, धाकटा नेहमीसारखा लाजतोय. त्यांनी पाचवी ओळ फूटपट्टी लावून सरळ खोडली, पुढच्या तीन भरल्या, सही केली. मग उठून आत गेले आणि बराच वेळ नळ सोडून तोंड धूत राहिले.

सात वर्षांचे पैसे वळले. मॅडमने दुकानावरची कारवाई थांबवली आणि पाचव्या वर्षाच्या खोडलेल्या ओळीवर बोट ठेवून म्हणाली, ही एक ओळ राहिली वाटतं, परत जाऊन भरून आणा, एका सहीचं तर काम आहे. लेक तर घरापासून ऑफिसापर्यंत डोकं खात आली होती. काकांनी दोघींना सांगितलं की ते वर्ष मी पुन्हा भरतो, व्याजासकट, हप्त्याने.

हप्त्याच्या अर्जावर मॅडमने नंबर विचारला. काकांनी खिशातून चिठ्ठी काढली आणि एकेक आकडा बोट ठेवून वाचला. शेवटचा रकाना कारणाचा होता. पैसे चुकीच्या नंबरावर का गेले. चुकून असं लिहा, म्हणजे निदान दंड तरी माफ होईल, असं मॅडमने हळूच सुचवलं.

काकांनी लिहिलं, मुद्दाम.

मॅडमने वाचलं, एकदा लेकीकडे पाहिलं, मग काकांकडे. "असं लिहिलंत तर माफ होणार नाही, काका."

"नकोच व्हायला," काका म्हणाले, आणि त्यांनी सही केली.