पट्टीवरचं तेल

सहदेवने बांधलेलं इंजिन धूर टाकतं, असं अमरावतीत कुणी म्हटलं असतं तर लोकांनी म्हणणाऱ्यालाच वेड्यात काढलं असतं. बडनेरा रस्त्यावरच्या त्याच्या गॅरेजात एकतीस वर्षांत शेकडो इंजिनं उघडली गेली आणि बंद झाली, आणि एकदा बंद झालेलं पुन्हा उघडायची वेळ सहसा आली नाही. त्यामुळे अकोल्याच्या गीतांजली मॅडम दोन महिन्यांत तिसऱ्यांदा फाटकात उभ्या राहिल्या, तेव्हा तो ओशाळला.

"दादा, धूर काही जाऊन नाही राहिला," त्या म्हणाल्या. शाळेत गणित शिकवणाऱ्या बाई, बोलणं मोजकं. "आमच्या कॉलनीतले लोक म्हणतात, मच्छर मारायची गाडी आली."

धूर निळा होता, म्हणजे तेल जळत होतं. सकाळी सुरू करताना तेवढा आला तर व्हॉल्व्हचे सील, पाय सोडल्यावर आला तर गाइड, आणि जोर दिल्यावर आला तर पिस्टनच्या रिंगा, हे सहदेवला झोपेतही सांगता आलं असतं. इथे तो जोर दिल्यावर यायचा. नव्या रिंगा घासून नीट बसायला इंजिनाला थोडा ताण द्यावा लागतो, आणि बाई तर गाडी तान्ह्या लेकरासारखी सांभाळून चालवत. म्हणून पहिल्या दोन खेपांना त्याने दोष त्यांच्या हळुवारपणालाच दिला होता आणि मूर्तिजापूरपर्यंत जरा दाबून चालवा, असं सांगून पाठवलं होतं. त्यांनी सांगितल्याबरहुकूम दाबून चालवली. हजार किलोमीटरमध्ये दोन लिटर तेल गेलं.

त्याला एक गोष्ट आतून खात होती. मॅडमच्या गाडीचा मूळ ब्लॉक तडकलेला निघाला आणि तसला दुसरा लवकर मिळेना, तेव्हा त्याने गॅरेजच्या कोपऱ्यात ताडपत्रीखाली ठेवलेलं एक इंजिन बाहेर काढलं होतं. ते त्याच्या थोरल्या भावाचं होतं. शेखर टॅक्सी चालवायचा. बारा वर्षांपूर्वी एका दुपारी त्याने धामणगावच्या स्टेशनवर सवारी सोडली, गाडीला कुलूप घातलं आणि तो गेला. कुठे, ते कुणालाच कळलं नाही. गाडी पुढे भंगारात गेली, इंजिन सहदेवने ठेवून घेतलं. आता बारा वर्षं भरत आली होती, आणि रामरावकाकांनी घरात सगळ्यांसमोर सांगून टाकलं होतं, की वर्षं भरल्यावरच्या पहिल्या अमावस्येला पळसाच्या पानांचा पुतळा करून त्याला अग्नी द्यायचा, म्हणजे शेखर सुटेल आणि त्याची बायकोही. संध्यावहिनी गळ्यातली पोत मुठीत धरून बसून राहिल्या. सहदेवने मात्र मनातल्या मनात भावाला तेव्हाच अग्नी दिला, आणि त्याच आठवड्यात ती ताडपत्री काढली. वहिनींना त्याने काही सांगितलं नाही. चोराच्या मनात चांदणं असतं, तसे गेले दोन महिने तो त्यांची नजर चुकवत होता.

मंगळवारी त्याने इंजिन उघडलं. हेड उचललं, आणि पान्हा खाली ठेवून आत बोट फिरवलं. नव्याने बोअर केलेल्या चारही सिलिंडरांत त्याने स्वतः तेल धरून ठेवायला बारीक तिरक्या रेघा पाडून घेतल्या होत्या; त्यांतली एकही शिल्लक नव्हती. वरच्या काठाशी नख अडकेल असा कंगोरा उठला होता, आणि तो उठायला लाख-दीड लाख किलोमीटर लागतात. इंजिन बसवल्यापासून मीटरवर हजारच वाढले होते. त्याने माप घेतलं, चष्मा पुसला, पुन्हा माप घेतलं. आकडा तोच आला.

मग त्याने क्रँक, इंजिनाचा मुख्य दांडा, काढली. क्लचवर पाय ठेवूनच गाडी हाकायची ज्याला खोड असते, त्याची खूण क्रँकशेजारच्या अर्धगोल वॉशरवर राहते. ती एका बाजूने झिजत जाते. त्याने नवीच बसवलेली ही कागदासारखी झाली होती. मॅडमच्या शेजारी बसून त्याने पाहिलं होतं, त्यांचा पाय क्लचवर कधी रेंगाळत नसे, आणि क्लचची प्लेट तर त्याने बसवली तशीच कोरी होती. शिंपी जसा मापावरून गिऱ्हाईक ओळखतो, तसा मेकॅनिक गाडीच्या पोटावरून ड्रायव्हर ओळखतो. हा पाय सहदेवच्या ओळखीचा होता. त्या पायावरून त्याने थोरल्या भावाला वर्षानुवर्षं शिव्या घातल्या होत्या.

खरं तर त्याला भीती वाटायला हवी होती. पण अंगावर काटा आला तो भीतीचा नव्हता. उघड्या इंजिनासमोर उभ्या उभ्या त्याचे डोळे भरून आले, आणि आपण चपला काढून ठेवल्या आहेत हे त्याच्या उशिरा ध्यानात आलं.

घर गॅरेजच्या मागेच होतं. त्याने वहिनींना बोलावलं.

"वहिनी, मी दादाचं इंजिन दुसऱ्याच्या गाडीत लावलं. तुमाले विचारलं नाही."

"मले माहीत हाय," वहिनी म्हणाल्या. "ताडपत्री धुऊन वाळत घातली होती तुमी."

त्याने त्यांचं बोट सिलिंडरच्या कंगोऱ्यावरून फिरवलं, ती वॉशर तळहातावर ठेवली, आणि जमेल तसं समजावून सांगितलं. वहिनींनी वॉशर उजेडात धरून पाहिली.

"म्हणजे ते चालवून राहिले."

"कोणीतरी चालवून राहिलं, वहिनी."

"कोणीतरी नाही." मग वॉशर परत देत, "भाऊजी, यातलं तेल सरलं तं काय होते?"

"इंजिन पकडते. जाग्यावर बंद पडते."

"मंग सरू देऊ नका."

त्या अमावस्येच्या आदल्या दिवशी पळसाची पानं घेऊन आलेल्या काकांना वहिनींनी अंगणातूनच परत लावलं. "पुतळा जाळायचाच असन तं तुमच्या दारात जाळा, काका. माह्या नाही." इतकी वर्षं गाय म्हणून वागलेली बाई अशी बोलली, तेव्हा काका पानांचा भारा उचलून चालते झाले.

मॅडमसाठी अखेर बार्शीटाकळीकडून एक ब्लॉक मिळाला आणि धूर गेला. गाडी घेऊन जाताना त्या म्हणाल्या, "हे चांगलंच चालते, दादा. पण आधीच्यात एकटं नव्हतं वाटत."

शेखरचं इंजिन सहदेवने आहे त्या झिजेसकट जोडलं आणि कोपऱ्यात लोखंडी स्टँडवर ठेवलं. त्याला ना बॅटरी होती, ना डिझेलची नळी. वहिनी म्हणाल्या म्हणून त्याने त्यात खुणेपर्यंत तेल ओतलं. दुसऱ्या दिवशी सकाळी वहिनींनी तेल बघायची पट्टी ओढून पाहिली. तेल बोटभर कमी होतं. त्याने खाली वर्तमानपत्र अंथरलं. ते कोरडंच राहिलं. तिसऱ्या दिवशीही तेल बोटभर कमी. त्यानंतर रोज सकाळी आंघोळ करून वहिनी यायच्या, पट्टी पुसायच्या, बुडवायच्या, आणि कमी पडेल तेवढं तेल घालायच्या. सहदेव डबे आणत राहिला. कुठल्या तरी रस्त्यावर या वेळी निळी रेघ मागे सुटत असेल, असं त्याच्या मनात येई आणि हातातलं काम थांबे. इतकं मोठं काही आपल्या पत्र्याच्या शेडमध्ये आहे, याने त्याची छाती दडपून जाई, आणि बरंही वाटे.

पौषातल्या एका सकाळी पट्टी खुणेपर्यंत भरलेली निघाली.

वहिनींनी ती पुसली, पुन्हा बुडवली. तेल तेवढंच होतं. रात्रभरात थेंबही सरला नव्हता. त्या सहदेवकडे बघत राहिल्या, आणि त्यांना काय विचारायचं आहे ते त्याला कळलं. थांबला तो पोचला म्हणून, की संपला म्हणून. त्याने उत्तर टाळण्यासाठी हात पुढे करून ब्लॉकवर टेकवला, आणि चटका बसून मागे घेतला. आत्ताच कुणी चावी बंद करावी, तसं ते तापलेलं होतं.

वहिनींनी तो ओढलेला हात पाहिला. पट्टी जागेवर घालून त्या फाटकापर्यंत गेल्या आणि त्यांनी कडी काढली. बाहेरचा रस्ता दोन्ही बाजूंना मोकळा होता. वहिनींनी डोक्यावरून पदर घेतला, आणि आत येणाऱ्याला वाट द्यावी तशा एका बाजूला सरकल्या.