एक सावकाश बैठक

चौथीच्या वर्गात दोन बाकं जोडून केलेली एक खाट होती, मिरजेहून आणलेलं कार्डिओग्रामचं एक यंत्र, जेलीच्या दोन ट्यूब आणि फळ्याखाली लंगोटावर उभे असलेले अकरा पैलवान. तालमीत बाईमाणसानं पाऊल ठेवायचं नाही, म्हणून तालीमच शाळेत आली होती.

यंत्राची रबरी फुगा दाबून चिकटवायची वाटी पहिल्याच छातीवरून घसरली. डॉक्टर प्रमोदिनीबाईंनी ती पुन्हा लावली. पुन्हा घसरली.

"यांना तेल लावलंय का?"

"व्हय तर," आकाराम वस्ताद म्हणाले. "मिरजंचं डॉक्टर येनार म्हनून सकाळधरनं चोळून काढलीत पोरं. कोरड्या अंगानं दाखवायची व्हय?"

"मला आतलं बघायचंय."

"आरं, पुसा रं छात्या! आन तू गड्या, पोट कशाला आत वडतुयास? बाई काय सोयरीक घिऊन आल्यात?"

मागच्या जत्रेत शेजारच्या गावचा एक पैलवान कुस्ती जिंकून उठला आणि तिथंच पडला. तेव्हापासून वस्तादांनी पंचांच्या मागे लागून ही तपासणी गावात आणवली होती. त्यांना मूलबाळ नव्हतं. आखाड्याची माती खणायची, तिच्यात ताक, तेल, हळद कालवायची आणि पहाटे पोरांच्या बैठका मोजायच्या, एवढंच ते वर्षानुवर्षं करत आले होते. त्यांचा धाकटा भाऊ नाथाजी भर तारुण्यात त्याच मातीत पडून गेला. नजर लागली, असं गाव म्हणालं. त्याच्या मुलाला, मानसिंगला, वस्तादांनी वाढवलं. येत्या रविवारी जत्रेतली शेवटची, मानाची कुस्ती मानसिंगची होती.

मानसिंगचा आलेख प्रमोदिनीबाईंनी खिडकीपाशी नेऊन पाहिला. परत येऊन त्यांनी त्याच्या छातीला स्टेथोस्कोप लावला.

"बैठक मार. एकच, सावकाश. खाली जरा थांब."

पोरं हसली. "एकच? बाई, हजार मारतुय त्यो!"

बाई त्याच्याबरोबर खाली वाकल्या, त्याच्याबरोबर उठल्या. पुन्हा एकदा तसंच केलं. मग त्यांनी स्टेथोस्कोप वस्तादांकडे दिला.

"तुम्हीच ऐका. खाली बसला की आवाज कमी होतो. उठला की वाढतो."

वस्तादांनी नळ्या कानात घातल्या. "बस," ते तालमीतल्या आवाजात म्हणाले. "ऊठ." दुसऱ्यांदा 'ऊठ' म्हणाले ते कुणाला ऐकू आलं नाही. मानसिंग ओठ बघून उठला.

"भात्यावानी वाजतंय," वस्ताद म्हणाले.

"हृदयातला पडदा जाड आहे. रक्ताची वाट अरुंद झालीय. जोर पडला तर हृदय तिथंच थांबेल."

"म्या लय मेहनत घेतली, त्येनं झालं?"

"नाही. हे जन्माचं असतं. पुष्कळदा घराण्यात असतं."

वस्तादांनी नळ्या कानांतून काढल्या. बाकीच्या पोरांना बाहेर जायला सांगितलं.

"मानसिंग, लंगोट सोडायचा. कुस्ती बंद."

"म्हंजे? आन ऐतवारी?"

"ऐतवारी फेटा बांधून माज्याशेजारी बसायचं."

"काका, मला कायबी हुत न्हाई!"

"तुज्या बालाबी कायबी हुत न्हवतं."

 मानसिंगनं खुंटीवरचा सदरा काढला, सगळी बटणं लावली आणि बाहेर गेला. पोरांनी त्याला काहीतरी विचारलं. तो त्यांच्यातून वाट काढत फाटकाकडे गेला.

बाई यंत्राच्या वायरी गुंडाळू लागल्या.

"ऱ्हाऊ द्या जरा," वस्ताद म्हणाले. त्यांनी पैरण काढून घडी घातली आणि बाकावर ठेवली. "आता माजं बगा."

"तुम्हाला काही त्रास होतो?"

"न्हाई. पर नाथाजी आन मी एकाच आईच्या पोटचं."

अंगाला तेल नव्हतं, तरी त्यांनी पंच्यानं छाती पुसली आणि खाटेवर आडवे झाले. आलेख निघाला. मग उठून त्यांनी एक सावकाश बैठक मारली. वर आल्यावर बाईंनी त्यांना खुर्चीवर बसवलं, थोडा वेळ जाऊ दिला आणि मनगट हातात घेतलं. वस्ताद मानसिंग गेला त्या दाराकडे बघत होते.

आलेखात दोष नव्हता. हृदयाचा आवाज स्वच्छ होता. नाडी मात्र, बसल्या जागी, सत्तर-ऐंशीऐवजी मिनिटाला एकशे सोळा.