निवडून दिलेली बिटं

कापडाच्या दुकानावरच्या हॉलमध्ये दर मंगळवारी पाय ठेवायला जागा नसायची. चपलांचा ढीग जिन्यावरून थेट रस्त्यापर्यंत उतरलेला. वर उंच खुर्चीत महाराज. त्यांच्यापुढे एकेक जण उठायचा आणि लाजलज्जा गुंडाळून ठेवून, आज सकाळी आपण संडासात काय पाहिलं ते भर सभेत सांगायचा.

"लाल, महाराज! अगदी लालभडक!"

"दूषित रक्त गेलं, बाळा! पाप गेलं! आतून धुतला जातोयस तू!"

टाळ्या पडायच्या, बायका डोळे पुसायच्या. मग ज्याच्या त्याच्या हातात आठवडाभराच्या काढ्याची बाटली. काढा काळपट, मधाने गोड केलेला आणि आल्याने घसा जाळणारा. ज्याला लाल काही दिसलंच नाही, त्याच्यासाठीही उत्तर तयार असायचं. "तुझं पाप चिवट आहे. आणखी महिनाभर पी." पडले तरी महाराजांचं नाक वरच.

मी भाजीवाली. असल्या गोष्टींवर माझा काडीचा विश्वास नाही. पण त्या हॉलमध्ये पहिल्या रांगेत माझी सख्खी मोठी बहीण बसायची, म्हणून मी दाराशी उभी असायचे. आई गेली तेव्हा मी सहा वर्षांची होते. ताईने शिलाई मशीनवर लोकांचे कपडे शिवून मला वाढवलं.

ताईला शौचातून रक्त जायचं. थोडंच, पण पुन्हा पुन्हा. डॉक्टरीणबाईंनी तिला दुर्बिणीने आतून तपासून घ्यायला सांगितलं होतं. ताई घरी येऊन म्हणाली, "परक्या माणसांपुढे असं पडून राहायचं? त्यापेक्षा मेलेलं बरं, बारके." आणि तीच ताई आता शंभर माणसांपुढे उठून सांगत होती, "आज फार लाल होतं, महाराज!" ज्या रक्ताला ती भ्यायची, त्याचीच आता रोज सकाळी वाट बघायची. मी भांडले, रडले, अबोला धरला. ती हसून म्हणायची, "तुला नाही कळायचं."

त्याच दिवसांत मला एक मोठं गिऱ्हाईक मिळालं होतं. महाराजांच्या स्वयंपाकघरात आठवड्याला आठ टोपल्या बीट जायचं. त्यांचा माणूस चोखंदळ होता, त्याला गडदच हवं असायचं. मीही मन लावून निवडायचे. मुठीएवढं, हाताला जड, साल गुळगुळीत, शेपटी शाबूत, पानं टवटवीत. फार मोठं झालं की बीट आतून लाकडासारखं होतं, ते मी बाजूला काढायचे. एवढी माणसं जेवतात, कोशिंबीर लागत असेल, असं मी समजत होते. कधी विचारलं नाही.

एकदा त्यांचा माणूस आलाच नाही आणि टोपल्या माझ्या गळ्यात पडल्या. फेकवेना. दोन दिवस मी सकाळ-संध्याकाळ बीटच खाल्लं. तिसऱ्या दिवशी सकाळी संडासात पाहिलं तर लालभडक. ताईचाच आजार मला झाला, असं धरून मी धावत दवाखाना गाठला.

डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "काल काय खाल्लंत?"

"बीट."

त्या हसल्या. "घाबरू नका. हा रंग काही जणांच्या पोटात मोडत नाही, तसाच बाहेर पडतो. अंगात लोह कमी असलं की जास्तच."

मला मात्र हसू आलं नाही. आठ टोपल्या आणि तो काळपट, गोड काढा माझ्या डोळ्यांपुढे आले.

मंगळवारी मी हॉलमध्ये टोपली घेऊन गेले आणि सगळी बिटं महाराजांच्या पायाशी ओतली.

"या बाईच्या पोटात पाप आहे!" महाराज गरजले.

"असेल. पण तुमच्या काढ्यात माझी बिटं आहेत. मीच निवडून दिलीत." मी लोकांकडे वळले. "तीन दिवस काढा पिऊ नका, बीट खाऊ नका. पाप असेल तर ते काही सुट्टी घेणार नाही, येतच राहील. बीट असेल तर थांबेल."

लोक माझ्या अंगावर धावून आले. तेवढ्यात एक बसड्रायव्हर उठून म्हणाला, "तीन दिवसांनी काय आभाळ कोसळतंय? बघू तरी." त्याच्यामागे बरेच जण तयार झाले. घरी आल्यावर ताईने काढ्याची बाटली मोरीत ओतली. "तुझ्यासाठी," ती म्हणाली.

चौथ्या दिवशी ड्रायव्हर माझ्या दुकानापुढे बस थांबवून ओरडला, "बाई, पिवळं! स्वच्छ पिवळं!" बसमधली माणसं बघतच राहिली. दुपारपर्यंत वीसेक जण तेच सांगून गेले. हॉलमध्ये उंच खुर्ची तेवढी उरली होती, महाराज पसार. मी हसत, धावत घरी आले. कधी एकदा ताईला सांगते असं झालं होतं.

ताई न्हाणीघराच्या दारात भिंत धरून उभी होती.

"बारके," ती म्हणाली, "माझं अजून लालच आहे गं."

त्यानंतर तिने दुर्बिणीची तपासणी मुकाट्याने करून घेतली. डॉक्टरीणबाईंनी मला बाहेर बोलावलं. गाठ होती, आणि ती पसरली होती. "आठ महिन्यांपूर्वी सांगितलं तेव्हाच तपासून घेतलं असतं तर..." त्या म्हणाल्या. ते आठ महिने ताईचं खरं रक्त माझ्या बिटांच्या रंगाखाली लपून वाहत होतं.

शेवटच्या दिवसांत तिला अन्न जाईना. एकदा म्हणाली, "तुझ्या हातचं बीट दे." मी शेपटी न कापता सालीसकट उकडलं, म्हणजे रंग पाण्यात उतरत नाही. कोमट असताना साल बोटांनीच निघून आली. जाडसर चकत्या, वर लिंबू, मीठ, मिरपूड. तिने एक चकती सावकाश चघळून खाल्ली.

"गोड निघालं. निवडावं तर तूच," ती म्हणाली.

ताईला जाऊन दोन वर्षं झाली. मी अजून बीट विकते. बिटाचा काही दोष नव्हता. पण प्रत्येक गिऱ्हाइकाला निवडून देताना सांगते: चवीने खा. दुसऱ्या दिवशी लाल दिसलं तर आधी काल काय खाल्लं ते आठवा. बीट खाल्लं नसेल, किंवा बंद करूनही लाल दिसत असेल, तर महाराज शोधू नका, मुहूर्त शोधू नका, लाजू तर मुळीच नका. त्याच दिवशी डॉक्टरकडे जा. आणि कुणी काही पाजत असेल तर विचारा, यात काय घातलंय?

मी आठ महिने टोपल्या भरून दिल्या आणि एकदाही विचारलं नाही.