खाऱ्या पाण्याचा चंबू

मी एक जुना काचेचा चंबू आहे, मित्रांनो. पोट मोठं, मान आखूड, तोंडाचा टवका उडालेला. भट्टीतून निघालो तेव्हा माझ्यातून आरपार दिसायचं. आता दिसत नाही.

माझी उमेदीची वर्षं एका प्रयोगशाळेत गेली. तिथल्या संशोधक बाईंनी मिठागराकाठची चिमूटभर माती माझ्यात टाकली, वर खारट पाणी ओतलं आणि कापसाचा बोळा लावला. एरवीचे जंतू अशा खारात तग धरत नाहीत. हे मात्र सुखाने वाढले. माझं पोट गढूळ झालं तेव्हा बाई हसल्या. "जगलात की रे, लबाडांनो!"

हे जीव रोपाच्या मुळांशी राहिले तर रोप खाऱ्या जमिनीत टिकतं आणि मूळकुजही लांब राहते, असं बाईंना आढळलं. बांध फुटून एका काकूंच्या शेतात समुद्राचं पाणी शिरलं होतं. त्यांनी टोमॅटोच्या एका वाफ्याची रोपं माझ्यातल्या पाण्यात बुडवून लावली. तेवढाच वाफा हिरवा राहिला. काकू एक रोप मुळासकट घेऊन आल्या.

"दीर म्हणत होता, जंतू पेरून कुणी पीक काढतं का? आता सगळं शेत लावते, बाई!"

त्या दिवशी बाईंनी मला स्वतःच्या पदराने पुसलं.

प्रयोगशाळेच्या मोठ्या साहेबांना या शोधावर आपलं नाव पहिलं हवं होतं. बाईंनी नकार दिला. मग बाई दोन दिवस परगावी गेल्याचं बघून साहेबांनी मदतनीस मामांना बोलावलं.

"तो चंबू आणि फ्रिजमध्ये राखून ठेवलेल्या त्याच जंतूंच्या नळ्या वाफेच्या भांड्यात टाका. मग होत्या तिथे ठेवून द्या."

"साहेब, जीव मरतील हो त्यातले."

"नोकरी हवी ना तुम्हाला?"

मामांनी झाकण आवळलं. मित्रांनो, आतले जीव ओरडत नाहीत. मी तापत गेलो आणि ते माझ्या पोटात मेले. बाहेर आलो तेव्हाही मी तसाच गढूळ दिसत होतो.

बाई परतल्या तेव्हा काकूंची रोपं दारात टोपल्यांत सुकत होती. माझ्यातले जीव तपासून घ्यायला दोन दिवस लागले असते. बाईंनी तशीच ती बुडवून दिली. मामा शेजारी उभे राहून टोपल्या उचलू लागले.

महिन्याभराने काकू आल्या. जळालेली रोपं टेबलावर ठेवून म्हणाल्या, "माझंच काही चुकलं का हो?"

साहेब दारातून म्हणाले, "मी सांगत होतोच. बाईंना नसते नाद!"

बाईंनी माझ्यातला थेंब काचेच्या ताटलीत टाकून जंतू वाढतात का ते पाहिलं. काहीच उगवलं नाही. "मामा, याला कुणी हात लावला होता?"

"मला काय माहीत, बाई," मामा खाली बघत म्हणाले.

बाई नोकरी सोडून गेल्या. काकूंच्या शेतावर आज पांढरा खार आहे. माझ्यात संडास धुवायचं ॲसिड ठेवतात.

मित्रांनो, कुठलंही भांडं तापवण्याआधी आत कोण जगतंय ते विचारा. आणि तुम्हाला ठाऊक असेल, तर वेळेवर सांगा. मला तोंड आहे, पण बोलता येत नाही. मामांना येत होतं.