आर्नफिनची बोंबलणारी गाडी

मित्रांनो, मी एक जुनी गाडी आहे. वय विचाराल तर अवघं तीन वर्षं. पण आम्हा विजेवर चालणाऱ्या गाड्यांमध्ये तीन वर्षांची गाडी जुनीच समजतात, कारण तोवर आमच्याहून शहाणी धाकटी भावंडं बाजारात आलेली असतात. आणि शहाणपणाची कमी माझ्यात कधीच नव्हती. माझं सगळं दुःख त्या शहाणपणाचंच आहे.

दूरच्या एका कारखान्यात मला लोखंडी हातांनी जोडलं. मग स्वच्छ कपड्यांतली तरुण माणसं आली आणि त्यांनी माझ्यात अक्कल भरायला सुरुवात केली. एकाला वाटलं, गाडीनं रस्त्यावरच्या पाट्या वाचाव्यात. दुसऱ्याला वाटलं, तिनं चालवणाऱ्याच्या तोंडाकडे बघून तो दमला का ते ओळखावं. तिसऱ्यानं माझी सगळी बटणं काढून टाकली आणि त्या जागी ताटाएवढी स्क्रीन बसवली. आता पुरे, असं कुणीच कुणाला म्हणालं नाही. मला मात्र तेव्हा फार अभिमान वाटला, खोटं कशाला सांगू?

जहाजातून मी नॉर्वेला आले आणि पश्चिम किनाऱ्यावरच्या लाइकवीक गावात आर्नफिनच्या दारात उभी राहिले. आर्नफिन त्र्याहत्तर वर्षांचा. गावापुढे रस्ता फ्योर्डच्या, म्हणजे डोंगरांमध्ये आत शिरलेल्या समुद्राच्या, पाण्याशी संपतो आणि पलीकडे जायला गाड्या वाहून नेणारी बोट असते. त्या बोटीवर आर्नफिननं चौतीस वर्षं काढली. डेकवर उभं राहायचं, दोन बोटांनी खुणावत एकेक गाडी आत घ्यायची आणि दोन गाड्यांत वीतभर अंतर ठेवून ती उभी करायची, हे त्याचं काम. वरच्या मजल्यावर त्याची बायको बोर्गहिल्ड प्रवाशांसाठी स्वेले करायची. जाड, गोड घावन, आत लोणी आणि तपकिरी चीज. तिच्या हातची स्वेले खायला लोक उगाच एक फेरी जास्त मारत, असं तो अजून सांगतो.

आता बोर्गहिल्ड पलीकडच्या किनाऱ्यावरच्या वृद्धाश्रमात आहे. तिला फारसं काही आठवत नाही. आर्नफिन रोज दीडच्या बोटीनं तिला भेटायला जातो. ती बोट चुकली तर पुढची तीनला, आणि तीनच्या कॉफीनंतर ती झोपून जाते.

माझ्याआधी त्याच्याकडे बावीस वर्षांची डिझेलची गाडी होती. तिच्या सायलेन्सरला भोक होतं. ती वृद्धाश्रमाचा चढ चढायला लागली की तिचा खडखडाट सगळ्या इमारतीला ऐकू जायचा. बोर्गहिल्ड हातातलं काम टाकून खिडकीशी यायची आणि नर्सला सांगायची, "आला माझा." त्या दिवशी ती त्याला नावानं ओळखायची. मग ती गाडी एक दिवस कायमची बंद पडली. आर्नफिनची मुलगी मारित म्हणाली, बाबा, आता सगळ्यांकडे विजेच्याच गाड्या आहेत, तूच एकटा धूर सोडत बसू नकोस. अशी मी आले.

पहिल्याच आठवड्यात आमचं बिनसलं. आर्नफिनला लांबचं स्वच्छ दिसतं, वाचायला मात्र चष्मा लागतो. तो चष्मा त्यानं जुन्या सवयीनं समोरच्या कप्प्यात ठेवला. माझा कप्पा उघडतो स्क्रीनवरून. स्क्रीन वाचायला चष्मा हवा. पहिल्या दिवशी त्यानं माझा पंखा सुरू केला, आरसे दुमडले, डिकी उघडली आणि कप्पा तेवढा बंद राहिला. शेवटी शेजारणीला हाक मारावी लागली.

पाट्या वाचायची माझी हौस तर विचारूच नका. शाळेकडे वळणाऱ्या गल्लीतली ताशी तीसच्या वेगमर्यादेची पाटी मला मोठ्या रस्त्यावरून दिसते आणि मी टुणटुण करत सुटते. तो आवाज बंद करायला स्क्रीनवर पाच ठिकाणी बोट लावावं लागतं, आणि गाडी पुन्हा सुरू केली की मी सगळं विसरून पहिल्यापासून टुणटुण करते. इथले रस्ते अरुंद, मध्ये रेघ नाही. समोरून बस आली की आर्नफिन सवयीनं कडेला सरकतो आणि मी, दरीत चाललाय असं समजून, चाक त्याच्या हातातून ओढून बसकडे वळवते. मग तो घाबरून मोठा श्वास घेतो. मी त्याचं तोंड बघते आणि कॉफीच्या कपाचं चित्र दाखवते, की तुम्ही दमलेले दिसता. त्यावर तो मला काय म्हणतो, ते मी तुम्हा मुलांना सांगणार नाही.

थंडीत तर माझी दारंच उघडेनात. शोभेसाठी माझ्या मुठी दारात सपाट बसवल्यात, आणि त्यावर बर्फ धरला की बोट घालायला जागा राहत नाही. रोज सकाळी तो कोमट पाण्याची किटली घेऊन बाहेर यायचा. जुन्या गाडीचं दार हिसका मारला की उघडायचं, हे तो मला किटली ओतता ओतता ऐकवायचा.

पण त्याची खरी नाचक्की बोटीवर झाली. तिथे आता योस्टाइन नावाचा माणूस गाड्या आत घेतो. त्याला हे काम आर्नफिननंच शिकवलं. त्या दिवशी योस्टाइननं दोन बोटांनी खुणावलं, आर्नफिननं मला पुढे घेतलं आणि चढत्या फळीवर मला समोर पोलादी भिंत आणि एक माणूस दिसला. मी कचकन ब्रेक लावला. त्यानं पुन्हा पुढे घेतलं, मी पुन्हा लावला. मागे अकरा गाड्या. इथे कुणी हॉर्न वाजवत नाही, सगळे सरळ समोर बघत बसतात, आणि ते जास्त लागतं. योस्टाइन खिडकीशी आला.

"आर्नफिन, वीतभर म्हणजे किती, हे तूच मला शिकवलंस. आणि आता मी बोलावतोय तर पुढे येत नाहीस होय?"

"मी येतोय," आर्नफिन म्हणाला. "हिला विचार."

आत शिरल्यावर तो वर स्वेले खायला गेला. फोन हीच माझी किल्ली, तो दूर गेला की मी आपोआप कुलूप लावते; उघडायला मात्र त्यावरचं चित्र दाबावं लागतं. बोट लाटेवर डोलली, मला वाटलं कुणीतरी मला चोरून नेतंय, आणि मी भोंगा लावला. बोटीवर अलार्म बंद ठेवायचा असतो, हे इथे लहान पोरालाही ठाऊक आहे. बंद करायची जागा माझ्यात आहे, पण ती इतकी खोल दडवलीय की आर्नफिनला सापडली नव्हती. लाउडस्पीकरवर माझा नंबर पुकारला गेला. चौतीस वर्षं दुसऱ्यांचे नंबर पुकारलेला माणूस हातात अर्धी स्वेले घेऊन सगळ्या ओळखीच्या लोकांमधून जिना उतरला. त्याचे कान लाल झाले होते. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

तरी हे सगळं त्यानं सोसलं असतं. पण मित्रांनो, चालताना माझा आवाजच होत नाही. ज्या गुणासाठी कारखान्यात माझं सगळ्यांत जास्त कौतुक झालं, तोच नडला. मी चढ चढून जायची आणि वरची खिडकी बंदच राहायची. आर्नफिन खोलीत गेला की बोर्गहिल्ड त्याला पाहुण्यासारखी खुर्ची द्यायची आणि विचारायची, "बसा ना. कुणाला भेटायचंय तुम्हाला?" महिनाभर हेच चाललं. एकदा तो परत येऊन माझ्यात बसला आणि कितीतरी वेळ त्यानं मला सुरूच केलं नाही.

"तुला सगळं येतं," तो म्हणाला. "एवढं एक येत नाही."

मी त्यावर कॉफीचा कप दाखवला. मला दुसरं काही दाखवता येत नव्हतं.

त्यानं मला विकायचं ठरवलं. मारितला फोनवर सांगितलं की सायलेन्सरला भोक पडलेली डिझेलची गाडी बघून दे, कितीही जुनी चालेल. शेजारच्या गावातले एक मास्तर शनिवारी मला बघायला येणार होते.

शुक्रवारी फ्योर्डवरून असा वारा सुटला की बोट जेमतेम लागली. वृद्धाश्रमाचं आवार उंचावर, उघड्यावर. आर्नफिन उतरला, मान खाली घालून दाराकडे निघाला. दहा पावलं गेला असेल. वाऱ्यानं मला गदागदा हलवलं आणि मी भोंगा लावला. तो तरातरा परत आला. फोन काढला, लांब धरला, जवळ धरला, पण त्यावरचं चित्र काही त्याला दिसेना. चष्मा माझ्या कप्प्यात आणि मी कुलूपबंद. तो मला शिव्या देत होता, मी बोंबलत होते, आणि खिडक्यांतून म्हातारी माणसं बघायला लागली होती.

तेवढ्यात वरची ती खिडकी उघडली.

"आर्नफिन, जा रे, बघ जरा," बोर्गहिल्ड म्हणाली. "कुणाचं तरी लेकरू रडतंय खाली."

आर्नफिनचा हात थांबला. बोटीवर कुणाची गाडी अशी बोंबलायला लागली की ती स्वेलेच्या तव्यापासून त्याला हेच सांगायची. रोजच्या रोज, चौतीस वर्षं. तो वर बघत राहिला. मग त्याचं बोटीवरचं ठरलेलं उत्तर त्याला सापडलं.

"जातो," तो म्हणाला. "तू तव्याकडे बघ. करपेल."

"माझं कधी करपलंय?" ती म्हणाली आणि हसली.

नर्स बाहेर येऊन म्हणाली की हे ताबडतोब बंद करा, तेव्हा त्यानं फोन तिच्या हातात दिला आणि तो जिन्यानं वर धावला. त्या दिवशी बोर्गहिल्डनं त्याला खुर्ची दिली नाही. उशीर का केलास, म्हणून विचारलं.

गाडी विकायची नाही, असं त्यानं मास्तरांना कळवलं. पण आमचं सगळं गोड झालं, असं समजू नका. मी अजून टुणटुण करते, अजून चाक ओढते, परवा एका रात्रीत माझा अपडेट झाला आणि स्क्रीनवरची आरशांची खूण दुसरीकडे गेली, त्यावरून त्यानं मला अर्धा तास झापलं. ते मला पटतं. बोर्गहिल्डही रोज खिडकीशी येत नाही. आठवड्यातून दोनदा, कधी तीनदा.

मित्रांनो, तुमच्यातलं कुणी मोठं होऊन माझ्यासारख्या गाड्या बनवायला गेलं, तर एक विनंती लक्षात ठेवा. आमच्यात काही भरण्याआधी किंवा आमच्यातून काही काढण्याआधी, गाडी कुणाकडे जाणार आहे आणि ती घेऊन तो कुणाला भेटायला जाणार आहे, हे एकदा जाऊन विचारा. तुम्ही आमचं जिथे कौतुक करता तिथे आम्ही नडतो, आणि जिथे आम्ही उपयोगी पडतो ते तुमच्या यादीतही नसतं.

काल वृद्धाश्रमाच्या आवारात पोचल्यावर माझ्या स्क्रीनवर मजकूर आला. या ठिकाणी तुमचा अलार्म वारंवार विनाकारण वाजतो, तो इथे कायमचा बंद करू का? चष्मा आता आर्नफिनच्या गळ्यात दोरीला असतो. त्यानं तो डोळ्यांवर चढवला, सगळं सावकाश वाचलं आणि 'नाही'वर बोट ठेवलं. मग तो खाली उतरला, मला कुलूप लावलं, आजूबाजूला नर्स नाही ना ते बघितलं आणि मला कमरेनं जोरात धक्का दिला. मी भोंगा लावला आणि आम्ही दोघं वर खिडकीकडे बघत राहिलो.